खाली न ठेववणारी पुस्तके

वाचनास सवड मिळत नाही, ही आम्हां डॉक्टरांची नित्याची तक्रार. मच्छे येथील दवाखाना आटोपून रात्री घरी परतल्यावर मलाही डोळे मिटावेसे वाटतात. परंतु काही पुस्तके झोपेवर मात करतात. त्यांत पहिले नाव ‘स्वामी’चे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचे लेखक रणजित देसाई आपल्या शेजारच्या चंदगड तालुक्यातील कोवाडचे.

थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊर येथे राजयक्ष्म्याने निवर्तले. वय अवघे २७. शेवट आधीच ठाऊक असूनही पुस्तक खाली ठेववत नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगापुढे आणला तो त्यानंतर ११० वर्षांनी. आज औषधांनी बऱ्या होणाऱ्या व्याधीपुढे हतबल झालेले ते घर वाचताना रुग्णाच्या उशाशी बसलेली माणसेही दिसू लागतात. तपासणीच्या घाईत आपल्या नजरेतून नेमकी तीच निसटतात.

एवढा मोठा ग्रंथ पेलणार नसेल, तर व्यंकटेश माडगूळकरांची छोटेखानी ‘बनगरवाडी’ घ्यावी. माणदेशातील धनगरांच्या वाडीत आलेल्या तरुण मास्तराची ती कथा. हिमालयात रस्ते बांधणाऱ्यांवरील प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ मात्र रविवारच्या आदल्या रात्रीच उघडावी!