पोरंसोरं घेऊन भरीत पार्टीला!

घरी वांगं दिसलं की ताट सरकवणारी पोरं शेतात मात्र भरीत दुसऱ्यांदा मागून घेतात. जळगाव-धुळ्याकडे हे दर हिवाळ्यात घडतं. थंडी पडली की मळ्यात जाळ पेटतो, सगेसोयरे, शेजारी, ऑफिसची मंडळी जमतात आणि भरीत पार्टी रंगते. मुलांना आजीकडे ठेवून जाण्याचा हा कार्यक्रम नव्हेच. त्यांना न्यायचंच, आणि गाडीत बसल्या बसल्या या गमती सांगायच्या.

दोघंही बेरी! जळगावची केळी आणि जळगावचं भरिताचं वांगं, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणखी मजा म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात दोन्ही ‘बेरी’ गटातली फळं आहेत. स्ट्रॉबेरी मात्र त्या गटात बसत नाही! हे ऐकून मुलं हटकून वाद घालतात. घालू द्या.

जांभळं नव्हे, हिरवं. भरिताचं खरं वांगं फिकट हिरवं, लांबट, चांगलं दांडगं असतं. गर भरपूर, बिया कमी. बामणोद आणि आसोद्याच्या वांग्यांचं नाव निघालं की जाणकारांचे डोळे चमकतात. हे आसोदे म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली त्यांचा जन्म याच गावचा.

जाळ पऱ्हाटीचाच. कापूस वेचून झाला की शेतात उरतात त्या वाळक्या काटक्या. त्या झटकन पेटतात, आच मोठी देतात आणि वांग्याला तो धुरकट वास लावतात. गॅसवर कितीही फिरवा, तो वास येत नाही, हे माझं ठाम मत. भाजण्याआधी वांग्याला टोचे मारायचे आणि तेलाचा हात फिरवायचा. हे टोचे मारायचं काम मोठ्या मुलांना द्या आणि कारणही सांगा: वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्याची वाफ कोंडली तर वांगं फाटकन फुटतं.

भाजलेलं वांगं काळंठिक्कर, सुरकुतलेलं, देठाशी मऊ पडलेलं दिसतं. पाण्यात बोटं बुडवत साल ओढली की आतून हिरवट पांढरा, वाफाळता गर निघतो. देठ तोडायचा नाही, तीच तर मूठ. मग हा गर लाकडी बडगीत जातो आणि मुसळीचे ठोके सुरू होतात. इथे मुलांची रांग लागते. गर जितका ठेचावा तितका एकजीव होतो, म्हणून चार ठोके प्रत्येकाच्या वाट्याला येऊ द्या. ज्याने ठेचलं तो खातोच, हे मी अनेक हट्टी पोरांच्या बाबतीत पाहिलं आहे.

मिरची परदेशी! वांगं आपल्याच भूमीतलं. पण भरितातली हिरवी मिरची आणि शेंगदाणे मूळचे अमेरिका खंडांतले, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे रुजलेले. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच्या भरितात यातलं काहीच नव्हतं. खान्देशी माणसाला हे पचायला जड जातं!

आधी बंदी, मग चंगळ. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा-वांगं मनसोक्त खायचं आणि चातुर्मासात ते वर्ज्य करायचं, ही अनेक घरांतली रीत. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं पुन्हा पानात. बंदीतून चंगळ तिकडे अमेरिकेतही होते. तिथे ईस्टरआधीच्या उपवासकाळात कॅथलिक मंडळी शुक्रवारी मांस वर्ज्य करतात. मग चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशांची पंगत बसते आणि लहान मुलांसकट सारा परिसर तिथे लोटतो. अशाच बिनमांसाच्या शुक्रवारांमुळे सिनसिनाटीच्या लू ग्रोएन यांचं मॅकडोनाल्डचं दुकान ओस पडायचं. त्यावर उपाय म्हणून १९६२ मध्ये त्यांनी माशाचं सँडविच काढलं. तेच पुढे जगभर गेलेलं फिले-ओ-फिश.

अडीच हजार किलो! डिसेंबर २०१८ मध्ये शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात एकाच वेळी सुमारे अडीच हजार किलो भरीत केलं. मुलांना विचारा, आपल्या वर्गाला ते किती दिवस पुरलं असतं?

कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेली. चव थोडी उग्र, पण भरिताशी जोडी जमते ती हिचीच. लहानग्यांसाठी पुऱ्या असतातच. सोबत कांद्याची पात, मुळा आणि केळीचं पान.

धुळ्याकडे पाहुणचाराचा योग आला तर खापरावरचे मांडे करताना मुलांना जरूर दाखवा. पुरण भरलेली पोळी हातावर फिरत फिरत कोपरापर्यंत वाढते आणि पालथ्या खापरावर अलगद पडते. मोठी माणसंसुद्धा बघत राहतात.

आता आईबापांसाठी. फोडणीत ठेचलेली मिरची पडण्याआधी मुलांच्या वाट्याचं भरीत बाजूला काढा, त्यात नुसतं मीठ, शेंगदाणे आणि थोडं तेल पुरे. जाळापासून चार हात लांब एक दोरी आखा. मळ्यातली विहीर कुठे आहे आणि तिला कठडा आहे का, हे पोचल्या पोचल्या बघा आणि एका मोठ्या माणसाला तिकडे नजर ठेवायला सांगा. पायात बूट हवेत, कपाशीच्या खुंटांनी तळवे सोलवटतात. आणि जेवण उशिरा होतं, तेव्हा डब्यात मुलांपुरतं काहीतरी असू द्या.

वांगी घेताना आकाराच्या मानाने हलकी निवडा, त्यांत बिया कमी निघतात. चंपाषष्ठी झाली की एक रविवार ठरवा, मळेवाल्या मित्राला फोन करा आणि पोरांना घेऊन निघा.