कुलाब्याची ओहोटी

कवायती फौजेच्या तुकडीला उत्तर पेशवाईत ‘कंपू’ म्हणत. त्या शब्दाचे नाव मिरविणाऱ्या वस्तीत राहणाऱ्या आम्हां ग्वाल्हेरकरांना घोडदळ आणि पलटणी यांचा इतिहास मुखोद्गत असतो, आरमाराचा मात्र विसर पडलेला असतो. वस्तुतः समुद्राचे एक नाव आपल्या लष्करात पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहे, ते म्हणजे आंग्रे. राजमाता विजयाराजे शिंदे यांचे निकटचे सल्लागार सरदार संभाजीराव आंग्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस कुलाब्याच्या गादीचा तंटा पेटला, तेव्हा बाबूराव आंग्रे तेथे बसले तेही दौलतराव शिंद्यांच्या पाठबळावर. म्हणून अलिबागला जाणे म्हणजे ग्वाल्हेरकराने आपल्याच एका आप्ताचे मूळ घर पाहून येणे होय.

पंजाब मेलने मुंबई गाठावी, गेट वे ऑफ इंडियापासून तासाभराच्या जलप्रवासाने मांडव्याला उतरावे आणि तेथून बसने अलिबाग. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मोटारीही बोटीत चढवून नेता येतात. आम्ही मार्गशीर्षात गेलो होतो. किनाऱ्याची वाळू काळसर. समोर पाण्यात कुलाबा.

शिवछत्रपतींनी १६८० मध्ये या दुर्गाचे काम आरंभिले व संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. १७१३ च्या तहाने तो कान्होजी आंग्रे यांच्याकडे राहिला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन चालून आले आणि हात हलवीत परतले. शेजारच्या सर्जेकोटाचे प्रचंड धोंडे चुन्याविना एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तेथेच जिरतो. आत रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, आणि भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर! तटावरच्या दोन चाकांच्या तोफांपाशी प्रत्येक कुटुंब छायाचित्र काढून घेते. जरा वाकून पाहावे. त्यांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचे नाव व १८४९ हे साल आहे. कुलाब्याचे संस्थान खालसा झाले १८४० मध्ये, तेव्हा त्या तोफांचा आंग्र्यांशी संबंध नाही.

या किल्ल्याचा खरा पहारेकरी समुद्रच. दिवसातून दोनदा तो वाट मोकळी करतो आणि दोनदा ती बंद करतो. कोकणी माणसाला वेळापत्रक लागत नाही, त्याला तिथी पुरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची घटका निघते. चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सुमारे सहा तासांनी, नऊला. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. तेव्हा पाणी चढतेही फार आणि ओसरतेही फार. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, त्या दिवसांत वाट पुरती उघडी पडेलच असे नाही. पंचांग आपल्याही घरात असते, पण आपण ते मुहूर्तापुरतेच उघडतो.

परतीच्या वेळी आम्ही घोडागाडीत बसलो होतो. गाडीवान सारखा मागे वळून ओरडत होता. एक तरुण बाप, तीन-चार वर्षांची मुलगी खांद्यावर, पाण्यातून सावकाश येत होता. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत होते आणि तो हसत होता, कारण मुलगी हसत होती. गाडीवान उतरून त्याच्याकडे गेला, मुलीला उचलून आणून माझ्या पत्नीच्या मांडीवर ठेवले आणि बापाला चाकाला धरून चालावयास लावले. किनाऱ्याला लागेपर्यंत पाणी त्याच्या कमरेला आले होते. मागून येणारी भरती दिसत नाही. ती आधी सखल जागा भरते आणि माणूस मधल्या उंचवट्यावर निर्धास्त उभा असतो. दर सुट्टीत आमच्याकडे येणारे पालक प्रवासातल्या उलट्यांचे औषध लिहून मागतात. मी आता त्यांना तिथीही विचारतो.

आपल्या व्यवसायबंधूंसाठी या जिल्ह्याचे आणखी एक महत्त्व आहे. याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने रात्री-अपरात्री मुले आणली जात आणि फुफ्फुसांत पाणी भरून दगावत. त्यांनी खाटेशी बसून लक्षणे टिपली. ती १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा उपयोग मांडला गेला. विषामुळे शरीरात कॅटेकोलअमाइन्सचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते. प्राझोसिन तो आवळ सोडविते. पुढे २०११ मध्ये त्यांनीच दाखविले की, त्याच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो. मोठ्या रुग्णालयांचे पाठबळ नसताना, एका ग्रामीण डॉक्टरने हे केले. आपल्या चंबळ खोऱ्यातही विंचू आहेत आणि गावातून जयारोग्य रुग्णालयापर्यंतचा रस्ता अनेकांना लांबच पडतो. ती स्वस्त गोळी तिथल्या प्राथमिक केंद्राच्या कपाटात आहे ना, हे पुढच्या ग्रामीण शिबिराला जाताना पाहून यावे.