वळण्याची कळ

साखरेचा रिपोर्ट हातात घेऊन माणूस म्हणतो, “कळतं हो, पण वळत नाही,” तेव्हा तो अगदी खरं बोलत असतो. गोड कमी करायचं, रोज चालायचं, गोळी चुकवायची नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. तरी संध्याकाळच्या चहाबरोबर बिस्किटांचा पुडा फुटतोच. कळणं आणि वळणं यांच्यामध्ये एक फट आहे, हे आपल्या भाषेनं फार पूर्वीच हेरून ठेवलंय. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत शास्त्रज्ञांची एक मोठी फौज त्या फटीत उतरली आहे आणि तिथे ती एक कळ शोधते आहे. दाबली की दिवा लागतो, तशी कळ.

या शोधाला सुरुवात झाली ती एका मोठ्या यशानंतर. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी दिली, एका गटाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि एका गटाला राहणी बदलायला शिकवलं. सात टक्के वजन उतरवायचं, आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा. साधारण तीन वर्षांत मेटफॉर्मिनमुळे मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, आणि राहणी बदललेल्यांमध्ये ५८ टक्क्यांनी! चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं ५३१ जणांवर असाच अभ्यास केला. तिथले आकडे लहान होते, तरी राहणीबदलानं धोका २८.५ टक्के उतरला आणि गोळीनं २६.४ टक्के. चालणं आणि जेवणातला बदल औषधाच्या तोडीस तोड ठरतो, हे दोन खंडांतून सिद्ध झालं.

पण थोडं थांबून बघा. मेटफॉर्मिन काय करतं हे सांगता येतं: मुख्यतः यकृतातून रक्तात उतरणारी साखर ते कमी करतं. राहणीबदलाच्या गटाला मात्र सोळा धडे होते, हक्काचा मार्गदर्शक होता, खाल्लेलं लिहून ठेवायची वही होती, अडचण आली तर बोलायला माणूस होता. म्हणजे दहा वनस्पती एकत्र उकळलेला काढाच. खोकला गेला, आनंद आहे. पण तो अडुळशानं गेला की ज्येष्ठमधानं? हे कळल्याशिवाय पुढच्या रुग्णासाठी काढा स्वस्त करता येत नाही आणि सुटसुटीतही करता येत नाही. ज्याला तो लागू पडला नाही त्याला काय कमी पडलं, तेही सांगता येत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेपुढे, म्हणजे एनआयएचपुढे, हाच प्रश्न होता. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथे असलेल्या या संस्थेच्या छत्राखाली २७ संस्था आणि केंद्रं आहेत, आणि त्यांची वाटणी बरीचशी अवयवांनुसार आणि आजारांनुसार आहे. कॅन्सरची संस्था सिगारेट सोडवण्यामागे, हृदयाची संस्था रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घ्यायला लावण्यामागे, मधुमेहाची संस्था वजनामागे. माणूस मात्र एकच. सिगारेट पेटवणारा, गोळी विसरणारा आणि रात्री उठून फ्रीज उघडणारा हात एकाच देहाचा. मग त्या हातामागची कळही एकच असेल तर? २००९ मध्ये या विचारानं तज्ज्ञांची बैठक झाली आणि त्यातून ‘सायन्स ऑफ बिहेवियर चेंज’ हा कार्यक्रम उभा राहिला.

त्याची पद्धत ऐकायला साधी आहे, पण तिनं मला अक्षरशः थक्क केलं. आधी कळ कोणती ते नाव घेऊन सांगा. मग ती मोजून दाखवा. मग ती तुमच्या उपायानं खरोखर हलते का ते दाखवा. आणि शेवटी, ती हलल्यामुळेच माणूस वेगळं वागला का, ते तपासा. रक्तदाबाच्या औषधाकडून आपण हीच साखळी मागतो: औषधानं दाब उतरला का, आणि दाब उतरल्यानं पक्षाघात टळले का. वर्तनाच्या अभ्यासात पूर्वी बहुतेकदा साखळीची दोन टोकंच बघितली जायची. समुपदेशन केलं, वजन उतरलं, शाबास. मधल्या कड्या अंधारात. २०१५ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात तीन जागी कळ शोधायचं ठरलं: स्वतःला आवरण्याच्या क्षमतेत, ताण सोसण्याच्या रीतीत, आणि माणसामाणसांतल्या नात्यांत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात समन्वय केंद्र झालं. तिथे सगळ्यांच्या मोजपट्ट्या एका खुल्या भांडारात ठेवल्या गेल्या. कोणती पट्टी साखळीच्या कोणत्या पायरीपर्यंत तपासली गेली आहे, याची नोंद प्रत्येकीपुढे.

एक कळ जवळून बघू. आज ५०० रुपये हवेत की महिन्याभरानं १,०००? आणि वर्षानं १,००० मिळणार असतील तर? असे प्रश्न विचारत गेलं की प्रत्येकाच्या मनात उद्याची किंमत किती झपाट्यानं घसरते, याचा आलेख काढता येतो. काहींच्या मनात भविष्य फार लवकर स्वस्त होतं. त्यांच्यासाठी ताटातली जिलेबी खरी असते आणि दहा वर्षांनंतरचे डोळे, मूत्रपिंडं धूसर असतात. बफेलो विद्यापीठातल्या लिओनार्ड एपस्टाइन यांच्या चमूनं या आलेखाला हात घातला, तोही कल्पनाशक्तीनं. लोकांना त्यांच्याच आयुष्यातले पुढचे प्रसंग बारकाव्यांसकट डोळ्यांपुढे आणायला लावले: कुठे आहात, सोबत कोण आहे, काय ऐकू येतंय. पुढच्या वर्षीचं लेकीचं लग्न असं लख्ख दिसलं की उद्याचा भाव वधारतो. आलेख खरोखर बदलतो!

मग हाच उपाय मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना सहा महिने दिला. उद्याची किंमत त्यांच्या मनात वाढली. वजनात आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत मात्र, तुलनेच्या गटापेक्षा वेगळा फरक दिसला नाही. जुन्या रीतीत इथे ‘उपाय निष्फळ’ एवढाच शेरा पडला असता. आता नेमकं सांगता येतं की तिसरी कडी शाबूत आहे, चौथी जोडायची आहे. अपयशालाही पत्ता असतो, हे मला इथे पहिल्यांदा दिसलं.

आणि कधी कधी मोजपट्टीच दगा देते. स्टॅनफर्डमध्ये रसेल पोल्ड्रॅक आणि सहकाऱ्यांनी ५२२ जणांकडून प्रत्येकी सुमारे दहा तास चाचण्या करून घेतल्या. काहींमध्ये संगणकावर झटपट बटणं दाबायची आणि चुकीच्या वेळी हात रोखायचा, काहींमध्ये ‘मी मोहाला बळी पडतो’ अशा वाक्यांवर हो-नाही सांगायचं. दोन्ही चाचण्या स्वनियंत्रणाच्याच म्हणून वर्षानुवर्षं वापरात. पण त्यांचे निकाल एकमेकांशी फारसे जुळलेच नाहीत. शिवाय प्रत्यक्ष आयुष्यातल्या दारू-सिगारेटसारख्या गोष्टींचा थोडाफार अंदाज प्रश्नावल्यांवरून आला, बटणांच्या खेळांवरून जवळजवळ नाहीच. आपण ज्याला एका शब्दात ‘संयम’ म्हणतो, त्या नावाखाली बहुधा अनेक वेगळी माणसं राहतात. दारावर पाटी मात्र एकच.

नावांचा गोंधळ तर जुनाच आहे. आपल्याकडे पायलीचं माप तालुक्यागणिक बदलायचं. एका गावची पायली दुसऱ्या गावी चालायची नाही. वर्तनशास्त्रात तेच झालं होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी वर्तनबदलाचे सिद्धांत मोजले, ते ८३ भरले. एकानं ‘समुपदेशन’ म्हटलं त्यात नुसती माहिती होती, दुसऱ्याच्या ‘समुपदेशना’त ध्येय ठरवणंही होतं. म्हणून त्यांनी अनेक देशांतल्या तज्ज्ञांना बसवून उपायांचे सुटे घटक वेगळे काढले आणि प्रत्येकाला व्याख्या दिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत ९३ घटक आहेत. काढ्यातली एकेक मुळी आता नावानिशी ओळखता येऊ लागली.

याच सुमाराला पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या केटी मिल्कमन आणि अँजेला डकवर्थ दुसऱ्या वाटेनं निघाल्या. वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांवर झालेल्या प्रयोगांची तुलना होणार कशी? मग सगळे प्रयोग एकाच वेळी, एकाच मैदानात करावेत. १५ विद्यापीठांतले ३० शास्त्रज्ञ, ५४ वेगवेगळे चार आठवड्यांचे उपक्रम, आणि व्यायामशाळांच्या एका अमेरिकी साखळीचे ६१,२९३ सभासद. निकाल डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. ४५ टक्के उपक्रमांनी व्यायामशाळेतल्या फेऱ्या ९ ते २७ टक्क्यांनी वाढवल्या. चार आठवडे संपल्यावरही फरक टिकला तो फक्त ८ टक्के उपक्रमांचा. कोणता उपक्रम जिंकेल, हे सार्वजनिक आरोग्याच्या प्राध्यापकांना, या क्षेत्रात काम करणाऱ्यांना आणि सामान्य लोकांना आधीच विचारून ठेवलं होतं. एकाही गटाचा अंदाज वास्तवाशी जुळला नाही.

जिंकलेला उपक्रम असा होता: ठरलेला व्यायाम चुकला, की पुढच्या वेळी परत येणाऱ्याला नऊ सेंटांचं बक्षीस. तेव्हाच्या दरानं सात रुपयेही नाहीत.

सात रुपयांसाठी कुणी घाम गाळत नाही. मग त्या नाण्यानं काय हलवलं? एक दिवस चुकल्यावर मनात येणारं ‘आता गेलंच सगळं’ पुसलं गेलं का? आपली कुणी वाट बघतंय असं वाटलं का? की नुसती आठवण झाली? या तिन्ही कळा वेगळ्या आहेत, प्रत्येकीला आधी माप लागेल. व्यायामशाळेच्या दारावरच्या नोंदीत परत कोण आलं ते दिसतं. का आलं, ते त्या नोंदीत नसतं.