विश्लेषण : श्वेत राष्ट्रवाद्यांना शहराबाहेर कसे ठेवायचे? शार्लट्सव्हिलने शोधलेला मार्ग काय होता?

द्वेष पसरवणाऱ्या गटाने मोर्चाची परवानगी मागितली, तर ती सरळ नाकारता येत नाही का? आपल्याकडे असे अर्ज पोलिसांकडे जातात आणि सुव्यवस्थेचे कारण देऊन ते फेटाळलेही जातात. अमेरिकेत हे इतके सोपे नाही. व्हर्जिनिया राज्यातील सुमारे ४७ हजार वस्तीच्या शार्लट्सव्हिल शहराला २०१७ मध्ये त्याची मोठी किंमत मोजावी लागली. पण या शहराने पुढे जो मार्ग काढला, तो समजून घेण्यासारखा आहे.

वाद कशावरून सुरू झाला?

अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली याचा पुतळा या शहरात १९२४ पासून उभा होता. तो हटवावा, अशी मागणी एका शाळकरी मुलीने २०१६ मध्ये केली. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर परिषदेने ३ विरुद्ध २ मतांनी पुतळा हटवण्याचा ठराव केला. त्याला विरोध करण्यासाठी देशभरातील श्वेत राष्ट्रवादी आणि नवनाझी गटांनी १२ ऑगस्टला पुतळ्याजवळच मेळाव्याची हाक दिली.

शहराने परवानगी का नाकारली नाही?

प्रयत्न झाला होता. गर्दीचे कारण देत प्रशासनाने मेळावा शहराच्या मध्यभागातून दुसऱ्या मोठ्या बागेत हलवला. आयोजक न्यायालयात गेले. मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी संघराज्य न्यायालयाने प्रशासनाचा निर्णय रोखला. विरोधकांच्या निदर्शनांची मध्यवर्ती भागातील परवानगी तशीच ठेवली होती, मग एकाच बाजूला का हलवले, हा कळीचा मुद्दा ठरला. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार सरकारला विचार पाहून परवानगी ठरवता येत नाही. आपल्या अनुच्छेद १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंधांची तरतूद आहे. तिथे द्वेषपूर्ण भाषणालाही बरेच संरक्षण मिळते.

१२ ऑगस्टला काय घडले?

ढाली, काठ्या आणि बंदुका घेऊन गट रस्त्यावर आले. दुपारी ओहायोहून आलेल्या २० वर्षांच्या तरुणाने विरोधकांच्या गर्दीत मोटार घातली. त्यात ३२ वर्षांच्या हेदर हायर यांचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. बंदोबस्तावरील हेलिकॉप्टर कोसळून राज्य पोलीस दलातील दोघांनाही प्राण गमवावे लागले.

शहराचे स्वतःचे काय चुकले?

याची चौकशी शहरानेच एका माजी सरकारी वकिलाकडे सोपवली. डिसेंबर २०१७ मधील अहवालाने पोलिसांवर कठोर ठपका ठेवला. मारामारी सुरू असताना पोलीस अडथळ्यांमागे उभे राहिले. ज्या रस्त्यावरून मोटार आली, त्याच्या तोंडाशी एकच पोलीस कर्मचारी नेमली होती. तिला धोका वाटल्याने तिथून हलवले गेले आणि मागे उरला तो फक्त लाकडी अडथळा.

मग उपाय काय सापडला?

विचारांवर बंदी घालता येत नसेल, तर खासगी सैन्यावर घालता येईल का, असा प्रश्न वकिलांनी विचारला. लष्करी बळ नागरी सत्तेच्या अधीनच असले पाहिजे, असे व्हर्जिनियाची राज्यघटना सांगते. ऑक्टोबर २०१७ मध्ये शहर, स्थानिक व्यावसायिक आणि रहिवासी संघटनांनी सशस्त्र गटांवर दावा दाखल केला. त्यात डाव्या विचारांचा एक गटही प्रतिवादी होता. म्हणजे निकष शस्त्राचा होता, विचाराचा नव्हे. २०१८ मध्ये न्यायालयाच्या आदेशांनी या गटांवर बंधन आले : दोन किंवा अधिक जणांनी संगनमताने, शस्त्र वा ढाल घेऊन शहरातील मोर्चा-निदर्शनांत यायचे नाही. वर्षपूर्तीचा मेळावा शार्लट्सव्हिलमध्ये झाला नाही. तो वॉशिंग्टनमध्ये झाला, तेव्हा जेमतेम काही डझन लोक जमले.

पुतळ्याचे काय झाले?

तिथेही कायदाच आडवा आला. युद्धस्मारके हटवण्यास राज्याच्या कायद्याने मनाई होती आणि शहराला राज्याने दिले तेवढेच अधिकार असतात. विधिमंडळाने २०२०मध्ये हा कायदा बदलला. एप्रिल २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शहरांना ही मनाई १९९७ मध्ये लागू झाली, त्यामुळे आधीच्या पुतळ्यांना ती लागूच नव्हती. १० जुलै २०२१ रोजी पुतळा उतरवला गेला. तो आफ्रिकी-अमेरिकी वारसा केंद्राला देण्यात आला आणि २०२३ मध्ये वितळवला गेला. त्या धातूतून नवी कलाकृती घडवण्याचा संकल्प आहे.

यातून काय दिसते?

निषेधाचा ठराव एका बैठकीत होतो, पण तो अमलात आणायला इथे चार वर्षांहून अधिक काळ गेला. घाईत बदललेली परवानगी एका रात्रीत कोसळली. खासगी सैन्याविरुद्धचा, सर्वांना सारखाच लागू होणारा दावा मात्र टिकला. आणि बंदोबस्त कमी पडला, तर चांगला कायदाही उशिराच पोहोचतो. हेदर हायर यांच्यासाठी तो उशिरा आला.