वाळू चाळणारा पाहुणा

आजीला सुपात तांदूळ पाखडताना पाहिलंय ना? दाणे सुपात राहतात आणि फोलपटं बाहेर उडतात. असंच काम नुसत्या तोंडानं करणारा एक मासा आमच्या धायरीच्या घरात राहतो. तोंडभर वाळू उचलायची, तिच्यातला खाऊ गिळायचा आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून भुरुभुरु सोडायची, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. पाहुणे आले की टीव्ही सोडून त्याच्यासमोरच बसतात!

याला म्हणतात गोबी. भाजीतल्या गोबीशी याचं काही नातं नाही, बरं का! गोबींचा गोतावळा मात्र प्रचंड मोठा. जगात त्यांच्या दोन हजारांच्या आसपास जाती आहेत. कोकणातल्या खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी निवटीसुद्धा याच गोतावळ्यातली. आमच्या माशाचं शास्त्रीय नाव व्हॅलेन्सिएनिया प्युएलारिस. आशिल व्हालांसिएन (१७९४–१८६५) या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून हे नाव पडलं. फिकट अंग, त्यावर नारिंगी ठिपके आणि लांबी जेमतेम वीतभर. समुद्रात हा प्रवाळ खडकांजवळच्या वाळूत बीळ करून, बहुधा जोडीनं राहतो. कल्ल्यांच्या कमानींवर बारीक काट्यांची रांग असते, तीच याची चाळण. वाळूतले इवलेसे किडे आणि कृमी तिच्यात अडकतात.

आता तुम्ही विचाराल, धायरीत समुद्र कुठून आला? इथून दिसतो तो सिंहगड! समुद्र तर पार घाटाखाली. मग आम्ही तो घरीच तयार केला. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आमची टाकी २०० लिटरची. करा बरं गणित! बरोबर, सात किलो. पण स्वयंपाकघरातलं मीठ इथे चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे असलेलं खास मीठ आणावं लागतं.

एक कोडं घाला आईबाबांना. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात आटलं, तर वरून खारं पाणी घालायचं की गोडं? उत्तर आहे, गोडं. कारण वाफ होऊन फक्त पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं.

आता एक वाईट गोष्ट सांगतो. हा आमचा दुसरा गोबी. पहिला आणला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, “वाळू साफ ठेवतो, वेगळं खायला घालायची गरज नाही.” आम्ही विश्वास ठेवला. वाळू पांढरीशुभ्र झाली. आम्ही खूश! पण टाकी होती नवी. वाळूतले किडे त्यानं थोड्याच दिवसांत संपवले. मग तो रिकामीच वाळू चाळत राहिला. पोट खपाटीला गेलं, तरी आमच्या लक्षात आलं नाही. तीन महिन्यांनी तो मेला. माझी मुलगी म्हणाली, “बाबा, तो साफसफाई करत नव्हता. तो जेवण शोधत होता!”

ते वाक्य मी विसरलेलो नाही.

पुढच्या वेळी आम्ही घाई केली नाही. माशांच्या विष्ठेतून निघणारा विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू टाकीत तयार व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात. वाळूत किडे वाढायला त्याहून जास्त वेळ. आम्ही आठ महिने थांबलो. बारीक वाळूचा दोन-तीन इंचांचा थर दिला. खडक मात्र आधी काचेच्या तळावर बसवले आणि वाळू नंतर पसरली. नाहीतर गोबी खालून बीळ करणार आणि खडक त्याच्याच डोक्यावर कोसळणार! वर जाळीचं झाकण बसवलं, कारण घाबरला की हा थेट बाहेर उडी मारतो. वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर चालतो. आणि मुख्य म्हणजे दिवसातून दोन-तीनदा तळाशी बुडणारा खाऊ देतो. मुलगी रोज त्याचं पोट पाहते. गोल दिसलं की मगच शाळेला जाते.

आमच्या टाकीतले खडक माणसानं बनवलेले आहेत, खरे प्रवाळ नाहीत. मालवणला फिरायला गेलात, तर तिथूनही प्रवाळाचा तुकडा उचलू नका. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान आहे.

असा मासा पाळावासा वाटला, तर आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. तो आपलं काम करील का, हा नव्हे. आपण त्याला रोज पोटभर जेवू घालू का, हा! उत्तर ‘हो’ असेल, तरच त्याला घरी बोलवा. पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, हो ना?