मंडळी वाढली, की माणूस कुठे हरवतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना अडखळलो ते गाळलंय, बाकी तसंच आहे.

आजचा विषय घरचा आहे. मी ज्या चर्चमध्ये जातो ते गेल्या काही वर्षांत खूप वाढलं. वाढलं याचा आनंद आहेच. पण त्या वाढीत माझा एक जवळचा मित्र नऊ रविवार आला नाही आणि मला पत्ताच लागला नाही. असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, ते मला जेवढं समजलं तेवढं सांगतो.

२०१८ साली मी नोकरीसाठी पुण्यात आलो. आमची उपासना तेव्हा वाकडला, पास्टरांच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये व्हायची. १४ माणसं होती, मी पंधरावा. दाराबाहेरच्या चपला बघून आत कोण आहे ते कळायचं. उपासना झाली की काकू पोहे नाहीतर खिचडी करायच्या आणि आम्ही सतरंजीवर बसून खायचो. हा मित्र मला तिथेच भेटला. अमरावतीचा, माझ्याच वयाचा. पुढे आम्ही दोन वर्षं एकाच खोलीत राहिलो.

नंतर कोविड आला, उपासना मोबाइलवर गेली. तो संपल्यावर एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला. आज आम्ही साधारण १८० जण आहोत. सकाळी ९ ला मराठी उपासना, ११ ला हिंदी-इंग्रजी. मी साउंड आणि प्रोजेक्टर बघतो, त्यामुळे ११ च्या उपासनेत अडकलो. मित्र ९ च्या. आम्ही भेटायचो ते जिन्यात, तो उतरताना, मी चढताना. "काय रे, बरा आहेस ना?" "हो रे." संपलं.

मागच्या वर्षी त्याची नोकरी गेली. पाठोपाठ वडील आजारी पडले, तो गावी गेला. ते तिकडे गेले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कारण मला वाटायचं तो ९ ला येऊन गेला असेल, आणि ९ वाल्यांना वाटायचं तो आता ११ ला जातो.

यापेक्षा वाईट पुढे आहे. वाढदिवसाला सगळ्यांना आपोआप मेसेज जावा म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. वडिलांना जाऊन चार दिवस झाले होते, घरात माणसं बसलेली, आणि त्याच्या फोनवर मेसेज पडला. मंडळीतर्फे वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, सोबत फुगे. मंडळीकडून त्या नऊ आठवड्यांत त्याला आलेली तेवढी एकच गोष्ट, आणि ती माझ्या कोडने पाठवली होती.

तो परत आल्यावर चहाच्या टपरीवर त्याने मला हे सांगितलं. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "तुमचं बरोबर आहे रे, एवढ्या लोकांत कोण कोणाला बघणार." त्याच्या तोंडचं ते "तुमचं" मला लागलं. आधी तो "आपलं" म्हणायचा.

घरी येऊन मी माझ्या सवयीने आकडे मांडले. सॉफ्टवेअरमध्ये फ्रेड ब्रूक्स यांचं एक प्रसिद्ध पुस्तक आहे, 'द मिथिकल मॅन-मंथ', १९७५ चं. टीममध्ये माणसं वाढवली तरी काम त्या प्रमाणात लवकर का होत नाही, हे त्यात सांगितलंय. एक कारण म्हणजे माणसामाणसांतल्या जोड्या माणसांपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. माणसांची संख्या घ्या, एकने कमी केलेल्या संख्येने गुणा आणि दोनने भागा.

आम्ही १५ होतो तेव्हा जोड्या होत्या १०५. १८० झालो तेव्हा झाल्या १६,११०. माणसं बारापट, जोड्या दीडशेपटींहून जास्त.

आता वेळ बघा. उपासनेनंतर चहाला २५ मिनिटं मिळतात. तेवढ्यात धड बोलायचं तर पाच माणसं होतात. १५ जणांत तीन रविवारांत सगळ्यांशी बोलून होत होतं. १८० जणांत एकाशीही दुसऱ्यांदा न बोलता गेलो, तरी ३६ रविवार लागतील. आणि आपण तसं करतच नाही, त्याच त्या पाच जणांत उभे राहतो. म्हणजे आमचं प्रेम आटलं नव्हतं. जी गोष्ट आधी आपोआप घडायची, ती आता आपोआप घडू शकत नव्हती आणि हे कोणी लक्षातच घेतलं नव्हतं.

माझी आजी नगरची. तिच्या चर्चमध्ये माणसं पुष्कळ होती, पण बाकं ठरलेली होती. कोणी आलं नाही तर मागच्या बाकावरच्या बाईला ते आधी कळायचं आणि संध्याकाळी ती दारात उभी राहायची. ती व्यवस्थाच होती, फक्त कोणी तिला व्यवस्था म्हणत नव्हतं. आम्ही शहरात आलो, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि ते बाक गेलं.

मग मी पवित्र शास्त्र उघडलं, कारण हा प्रश्न पहिल्यांदा आमच्याकडे आलेला नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात एका दिवसात सुमारे तीन हजार माणसं मिळाल्याचं आहे. हा भाग आम्ही साक्षीत, संदेशात नेहमी ऐकतो. सहावा अध्याय कमी ऐकतो. तिथे तक्रार आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा सुटत होत्या, इब्री बोलणाऱ्यांच्या सुटत नव्हत्या. शिष्यांची संख्या वाढत होती त्याच दिवसांत हे झालं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

प्रेषितांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. तक्रार करणाऱ्यांना त्यांनी गप्प केलं नाही, अजून प्रार्थना करा असंही म्हणाले नाहीत. सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली, याच कामासाठी. त्या सातांची नावं दिलेली आहेत, स्तेफन, फिलिप्प वगैरे, आणि सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे बहुतेक ज्यांची माणसं सुटत होती, त्यांच्यातल्याच लोकांच्या हातात वाटप दिलं. आमच्याकडेही भाषेचीच भिंत होती. सूचना इंग्रजीत, ग्रुप इंग्रजीत, आणि ९ च्या उपासनेतल्या घरकाम करणाऱ्या मावश्यांना सहल रद्द झाल्याचं बसस्टॉपवर कळायचं. वाचताना मला लाज वाटली, खरं सांगतो.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधलं, ब्रिस्टलचं, साल १७४२. जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीवर इमारतीचं कर्ज होतं. बैठकीत फॉय नावाच्या एका कॅप्टनने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, गरिबांना तेवढंही झेपत नाही. तो म्हणाला, मग सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, कमी पडेल ते मी भरतो. अशी बारा-बारांची टोळकी झाली आणि प्रत्येकाचा प्रमुख दर आठवड्याला घरोघर जायला लागला. गेला पेनी मागायला, पण घरात पाऊल टाकल्यावर दिसायला लागलं, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी भांडण आहे, कोण पिऊन पडलंय. वेस्लींच्या लक्षात आलं की आपण जे शोधत होतो ते हेच. कर्जवसुलीची सोय एकमेकांच्या सांभाळाची पद्धत झाली आणि त्या चळवळीचा कणा बनली.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते दर आठवड्याचं जाणं. जायला कारण होतं, यादी होती आणि यादी बाराच्या आत होती.

आता आमचं. माझा पहिला उपाय इंजिनियरचाच होता. हजेरीचं अ‍ॅप, दोन रविवार चुकले की लाल खूण. पास्टरांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "छान आहे. लाल झालेल्याकडे जाणार कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही १५ गट केले, एका भागात राहणारे बारा-बारा जण, ९ आणि ११ चे मुद्दाम मिसळून. गटाची भाषा गटाने ठरवायची. दर गुरुवारी कोणाच्या तरी घरी जेवण आणि प्रार्थना. माझ्या वहीत ११ नावं आहेत, आठवड्यात प्रत्येकाशी एकदा बोलायचं. आणि तो वाढदिवसाचा प्रोग्रॅम मी बंद केला.

सगळं छान झालं असं नाही. दोन गट मोडले. एक कुटुंब म्हणालं, या चौकश्या आम्हाला नकोत, आणि त्यांचंही चुकलं नाही, कारण विचारपूस आणि चौकशी यांत एका वाक्याचं अंतर असतं. कधी गुरुवारी ऑफिसचं काम अंगावर येतं आणि मीच जात नाही. आणि कोणी म्हणतं, कशाला वाढवायचं चर्च, लहान बरं होतं. तेव्हा मी स्वतःला आठवण करून देतो की १४ वर दार बंद केलं असतं तर मी बाहेर राहिलो असतो.

मित्राचं सांगायचं राहिलं. तो रविवारी अजून येत नाही. मला म्हणाला, "सध्या प्रार्थना होत नाही माझ्याने. वडिलांसाठी मागितलं होतं." माझ्याकडे बरीच तयार वाक्यं होती. मी ती गिळली आणि म्हटलं, "बरं. गुरुवारी जेवायला ये."

योहानाच्या शुभवर्तमानातला थोमा मला हल्ली वेगळा दिसतो. आपण त्याला संशयी म्हणून मोकळे होतो. पण बघा, बाकीच्यांनी प्रभूला पाहिलंय, थोमाने नाही आणि तो सरळ सांगतो की मी मानणार नाही. त्यानंतर आठ दिवसांनी पुन्हा दार बंद करून सगळे बसलेत आणि थोमा त्यांच्यात आहे. तो आठवडा त्यांनी कसा काढला, ते लिहिलेलं नाही. एवढं कळतं की न मानणाऱ्याला त्यांनी बाहेर काढलं नाही आणि तोही उठून गेला नाही. प्रभू भेटला तो त्याच खोलीत.

माझ्या विश्वासालाही या सगळ्यात धक्का बसला. रोज प्रार्थना करणाऱ्या मला शेजारचा माणूस दिसत नसेल, तर ती प्रार्थना कसली, असं वाटायचं. अजून कधी कधी वाटतं. पण गेले चार महिने मित्र गुरुवारी येतो. प्रार्थना सुरू झाली की उठून भांडी घासायला जातो. आम्ही त्याला थांबवत नाही. आतून नळाचा आवाज येतो आणि आम्हाला कळतं, तो आहे.

तुमच्या मंडळीत, किंवा चर्चला जात नसाल तर मित्रांच्या कट्ट्यावर, कोण बरेच दिवस दिसलं नाही, ते आज एकदा आठवून बघा. मेसेज नको, फोन करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.