तेलविहिरीची दुरुस्ती

जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावात बोअरची मोटार बिघडली की काय करतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. बोअरच्या तोंडावर तिपाई उभारतात, चेनपुली लावतात आणि एकेक पाइप सोडवीत मोटार वर घेतात. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत तोंडावर पक्के झाकण ठेवले की झाले. (ते मात्र ठेवलेच पाहिजे!) पाणी आपले खाली स्वस्थ असते.

तेलविहिरीचे तसे नाही.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तेथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील विहिरीलाही बोअरप्रमाणे केसिंग असते. त्याच्या आत ट्यूबिंग नावाची बारीक नळी असते, तिच्यातून तेल वर येते. काही वर्षांनी नळी गंजते, झडपा बिघडतात, तेलापेक्षा पाणीच अधिक येऊ लागते. मग नळी वर काढून दुरुस्ती करावी लागते. या कामाला ‘वर्कओव्हर’ म्हणतात. नळीचा एक तुकडा साधारण ९ मीटरचा. विहीर १३०० मीटर खोल धरली, तर असे जवळजवळ १४५ तुकडे सोडवावे लागतील!

पण तोंड उघडायचे कसे? खालच्या खडकातील तेल आणि वायू दाबाखाली असतात. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर काय होते ते आठवा. म्हणून आधी विहीर ‘मारतात’, म्हणजे तिच्यात मिठाचे जड पाणी भरतात. साध्या पाण्याच्या १० मीटर उंच स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. म्हणजे १३०० मीटरला १३० किलोग्रॅम. खडकातील दाब १३५ असेल तर साधे पाणी पुरणार नाही. पाण्याच्या १.१ पट घनतेचे द्रावण भरले, तर दाब १४३ होईल आणि वायू खालीच राहील.

मग आणखी जड द्रावण का भरू नये? कारण ते खडकात शिरून तेलाच्या वाटाच बुजवील. दाब कमी पडला तर विहीर उसळते, जास्त झाला तर तिचेच नुकसान होते. शिवाय हिशेब चुकलाच तर हाताशी असावी म्हणून विहिरीच्या तोंडावर पोलादी झडपांची उतरंड बसवतात. विहीर उसळणे ही नुसती पुस्तकातील भीती नव्हे. जुलै १९८२ मध्ये मुंबई हायवर ‘सागर विकास’ रिगचे खोदकाम चालू असताना वायू उसळून आग लागली होती.

विहीर शांत झाली की खरे काम सुरू होते. पाणी येणारी छिद्रे सिमेंटने बुजवतात. तेलाच्या वाटा बुजल्या असतील तर आम्ल सोडतात. मुंबई हायचा मुख्य तेलखडक चुनखडकाचा आहे, त्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्लात तो विरघळतो आणि वाटा मोकळ्या होतात. आपल्या काळ्या मातीत चुन्याचे पांढरे खडे सापडतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांवर सौम्य आम्लाचा थेंब टाकून पाहा. जे बुडबुडे फसफसतात, तो कार्बन डायऑक्साइड.

शेवटी नवी नळी उतरवतात. पण आता विहीर मेलेली असते, तिला जागे करायचे कसे? नळीतील जड पाण्यात नायट्रोजन वायू सोडतात. त्याने पाण्याचा स्तंभ हलका होतो, खडकातील दाब वरचढ ठरतो आणि आधी खारे पाणी, मग तेल वर येऊ लागते.